सेम्मुल चर्चचा अफगाण सेवादौरा : बेचाळीस दिवसांचे ओलीसनाट्य आणि त्यानंतरचे प्रश्न

दक्षिण कोरियातील एका चर्चचे स्वयंसेवक १९ जुलै २००७ रोजी अफगाणिस्तानात तालिबानच्या हाती सापडले. दहा दिवसांच्या सेवाकार्यासाठी निघालेल्या या तुकडीची सुटका होण्यास सहा आठवडे लागले. तोपर्यंत २३ पैकी दोघांची हत्या झाली होती. श्रद्धेपोटी परदेशी सेवेला जाणाऱ्या नागरिकांची जबाबदारी कोणाची, त्यांच्या मुक्ततेसाठी सरकारने कोणती किंमत मोजावी आणि काही दिवसांच्या अशा सेवेतून नेमके काय साधते, हे प्रश्न या घटनेने जगासमोर आणले. त्या प्रकरणाचा आणि त्यामागील परंपरेचा हा आढावा.

अल्पकालीन सेवादौरा म्हणजे काय?

ख्रिस्ती धर्मप्रसारक पूर्वी आयुष्यभरासाठी परदेशी जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विमानप्रवास आवाक्यात आला आणि एक ते चार आठवड्यांच्या दौऱ्यांची पद्धत रूढ झाली. अमेरिकी तरुण जॉर्ज व्हर्वर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये मेक्सिकोला केलेल्या प्रवासातून 'ऑपरेशन मोबिलायझेशन' ही संघटना पुढे उभी राहिली. १९६० मध्ये लॉरेन कनिंगहॅम यांनी 'यूथ विथ अ मिशन' ही संस्था स्थापन केली. तरुणांना थोड्या मुदतीसाठी परदेशी पाठवण्याची कल्पना या संस्थांनी जगभर नेली.

अशा दौऱ्याचा साचा साधारण ठरलेला असतो. मंडळीतील दहा ते तीस जणांची तुकडी निवडली जाते. तिच्यात डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, विद्यार्थी असतात. सदस्य स्वतःच्या बचतीतून आणि मंडळीच्या देणग्यांतून खर्च उभारतात. काही आठवडे प्रार्थना व तयारी होते. त्यानंतर परदेशात आरोग्य शिबिर, शाळेची रंगरंगोटी, घरबांधणी, मुलांसाठी खेळ व गाणी असे कार्यक्रम पार पडतात. काही तुकड्या उघडपणे धर्मप्रसार करतात, तर काही केवळ सेवा करतात. अनेकदा या दोहोंमधील सीमारेषा धूसर असते आणि वादाचे मूळ तेथेच दडलेले असते.

कोरियातील मिशन चळवळ

कोरियात प्रॉटेस्टंट पंथाची पाळेमुळे रुजवणारे अमेरिकी धर्मप्रसारक होरेस अंडरवुड आणि हेन्री अॅपेन्झेलर १८८५ मध्ये तेथे पोहोचले. शंभर वर्षांच्या आत हाच देश इतरत्र धर्मप्रसारक पाठवू लागला. कोरियाई युद्धानंतरच्या दारिद्र्यात परदेशी चर्चची मदत मिळालेल्या पिढीला, आता परतफेडीची वेळ आली आहे, असे वाटू लागले होते. १९८८ च्या सोल ऑलिंपिकनंतर, १९८९ मध्ये सर्वसामान्य नागरिकांच्या परदेश प्रवासावरील निर्बंध उठले. त्याच काळात उत्पन्नही वाढत होते. १९७० च्या दशकाअखेर शंभराच्या आत असलेली कोरियाई धर्मप्रसारकांची संख्या २००६ च्या सुमारास सोळा हजारांच्या घरात गेली. धर्मप्रसारक पाठवण्यात अमेरिकेखालोखाल दक्षिण कोरियाचा क्रमांक लागतो, असे त्या वेळी सांगितले जात असे. उन्हाळी सुटीत अल्प मुदतीसाठी जाणारे हजारो स्वयंसेवक याखेरीज होते.

धोक्याच्या सूचनाही मिळत होत्या. जून २००४ मध्ये इराकमध्ये किम सन-इल या कोरियाई दुभाष्याचे अपहरण करून त्याचा शिरच्छेद करण्यात आला. ऑगस्ट २००६ मध्ये काबूल येथे शांतता महोत्सव भरवण्यासाठी हजाराहून अधिक कोरियाई ख्रिस्ती नागरिक अफगाणिस्तानात आले होते. अफगाण सरकारने महोत्सवाला परवानगी नाकारली आणि त्यांना परत पाठवले. तरीही दौरे पूर्णपणे थांबले नाहीत.

गझनीच्या रस्त्यावर

सोलनजीकच्या सॉन्गनाम शहरातील पुंदांग भागात सेम्मुल चर्च आहे. सेम्मुल या शब्दाचा अर्थ झऱ्याचे पाणी. या चर्चची तुकडी १३ जुलै २००७ रोजी सोलहून निघाली. तुकडीचे नेतृत्व पाळक पे ह्यंग-ग्यू यांच्याकडे होते. कोरियातून २० जण आले होते आणि अफगाणिस्तानात आधीपासून राहणारे तिघे कोरियाई मार्गदर्शक म्हणून त्यांच्यासोबत होते. एकूण २३ जणांमध्ये १६ महिला होत्या. बहुतेक जण विशी-तिशीतील होते.

उत्तरेकडील मझार-ए-शरीफ येथील काम आटोपून १९ जुलै रोजी ही तुकडी भाड्याच्या बसने काबूलहून कंदाहारकडे निघाली. सोबत पोलिस संरक्षण नव्हते. गझनी प्रांतातील काराबाग जिल्ह्यात बंदूकधाऱ्यांनी बस अडवली. ओलिसांचे लहान लहान गट पाडून त्यांना वेगवेगळ्या खेड्यांत हलवण्यात आले. त्यामुळे लष्करी कारवाई करून सर्वांना एकाच वेळी सोडवणे जवळजवळ अशक्य झाले.

काबूल-कंदाहार महामार्ग त्या काळात अत्यंत असुरक्षित झाला होता. आदल्याच दिवशी शेजारच्या वर्दक प्रांतातून दोन जर्मन अभियंत्यांचे अपहरण झाले होते. भारतानेही या मार्गावरील धोका अनुभवला होता. एप्रिल २००६ मध्ये झाबूल प्रांतात हैदराबादच्या एका दूरसंचार अभियंत्याचे अपहरण होऊन त्याची हत्या झाली होती. त्यापूर्वी नोव्हेंबर २००५ मध्ये सीमा रस्ते संघटनेच्या एका भारतीय चालकाला निमरोझ प्रांतात प्राण गमवावे लागले होते.

मागण्या आणि पेच

दक्षिण कोरियाने अफगाणिस्तानातून आपले सैन्य मागे घ्यावे आणि अफगाण तुरुंगांतील तालिबानी कैद्यांची मुक्तता व्हावी, अशा अपहरणकर्त्यांच्या प्रमुख मागण्या होत्या. कोरियाचे सुमारे २०० जवान तेथे होते. ते प्रामुख्याने वैद्यकीय व अभियांत्रिकी पथकांतील होते आणि बगराम तळावर काम करत होते. वर्षअखेरीस त्यांना परत बोलावण्याचा निर्णय कोरियाने अपहरणापूर्वीच घेतला होता. त्यामुळे पहिली मागणी मान्य करणे तुलनेने सोपे होते.

कैद्यांचा प्रश्न मात्र सोलच्या अखत्यारीत नव्हता. मार्च २००७ मध्ये इटालियन पत्रकार दानिएले मास्त्रोजाकोमो यांच्या सुटकेसाठी अफगाण सरकारने पाच तालिबानी कैदी सोडले होते. त्यांच्यासोबत पकडलेल्या अफगाण वाहनचालकाची व दुभाष्याची मात्र हत्या झाली. परदेशी माणसासाठी कैदी सुटतात, अफगाण माणूस मारला जातो, अशी कडवट टीका अध्यक्ष हमीद करझाई यांच्यावर झाली होती. अशी देवाणघेवाण अपहरणांना उत्तेजन देते, या भूमिकेवर ते या वेळी ठाम राहिले. अमेरिकेचेही हेच धोरण होते.

दोन हत्या आणि प्रत्यक्ष बोलणी

मुदतीमागून मुदती सरत गेल्या. २५ जुलै रोजी पाळक पे यांची गोळ्या घालून हत्या करण्यात आली. तो त्यांचा ४२ वा वाढदिवस होता. ३० जुलै रोजी तुकडीतील २९ वर्षांच्या तरुणाला ठार करण्यात आले. कोरियात ओलिसांचे आईवडील दूरचित्रवाणीवरून जगाकडे दयेची याचना करत होते.

अखेर कोरियाई सरकारने तालिबानशी प्रत्यक्ष बोलण्याचा मार्ग स्वीकारला. १० ऑगस्ट रोजी गझनी शहरात समोरासमोर चर्चा सुरू झाली. रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीने तिच्यासाठी मध्यस्थाचे साह्य दिले. १३ ऑगस्ट रोजी आजारी असलेल्या दोन महिलांची सुटका झाली. आपल्याला मिळालेली सुटकेची संधी एका महिलेने सहकाऱ्यासाठी सोडली, असे त्या वेळी सांगण्यात आले. २८ ऑगस्ट रोजी समझोता जाहीर झाला. वर्षअखेरीस सैन्य माघारी घेणे आणि अफगाणिस्तानातील कोरियाई धर्मप्रसार कार्य थांबवणे, या त्यातील जाहीर अटी होत्या. उरलेल्या १९ जणांपैकी १२ जण २९ ऑगस्टला आणि ७ जण ३० ऑगस्टला मुक्त झाले. खंडणी दिल्याचा आरोप कोरियाई सरकारने फेटाळला.

मात्र या मार्गावर अनेकांनी आक्षेप घेतला. एखाद्या सार्वभौम देशाने तालिबानशी थेट वाटाघाटी केल्याने त्या संघटनेला राजकीय प्रतिष्ठा मिळाली, असे टीकाकारांचे म्हणणे होते. नागरिकांचे प्राण वाचवणे हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे, हा त्यावर समर्थकांचा युक्तिवाद होता. गुप्तचर संस्थेचे प्रमुख किम मान-बोक स्वतः काबूलमध्ये पत्रकारांसमोर आले, यावरूनही मायदेशी वाद झाला.

मायदेशी उसळलेला रोष

सुटका होऊन २ सप्टेंबर रोजी परतलेल्या स्वयंसेवकांचे स्वागत संमिश्र भावनांनी झाले. विमानतळावर त्यांनी देशवासीयांची क्षमा मागितली. प्रस्थानापूर्वी इंचॉन विमानतळावर, अफगाणिस्तान प्रवास टाळावा, अशी सूचना देणाऱ्या सरकारी फलकाजवळ या तुकडीने काढलेले छायाचित्र इंटरनेटवर आधीच पसरले होते. सावधगिरीचा इशारा धुडकावून गेलेल्यांसाठी करदात्यांचा पैसा का खर्चावा, असा प्रश्न विचारला गेला. सरकारने विमानभाडे व उपचार यांसारख्या खर्चाची भरपाई मागितली आणि चर्चने ती देण्याची तयारी दाखवली.

हा दौरा धर्मप्रसारासाठी नसून सेवेसाठी होता, अशी चर्चची भूमिका होती. टीकाकारांना ती पटली नाही. धर्मांतराबाबत अत्यंत संवेदनशील असलेल्या देशात चर्चच्या नावाने गेलेल्या तुकडीची सेवा सेवा म्हणूनच पाहिली जाईल, ही अपेक्षाच अवास्तव होती, असे त्यांचे म्हणणे होते. शिवाय एका तुकडीच्या निर्णयाची झळ दीर्घकाळ तेथे निमूटपणे काम करणाऱ्या इतर कोरियाई नागरिकांनाही बसली. समझोत्यानुसार त्यांनाही देश सोडावा लागला. त्यांनी चालवलेली सेवाकार्ये त्यामुळे खंडित झाली.

यानंतर नियम कडक झाले. अफगाणिस्तान, इराक व सोमालिया या देशांत सरकारच्या परवानगीविना जाण्यास कोरियाने २००७ मध्ये बंदी घातली. उल्लंघन करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी तरतूद झाली. मिशन संस्थांनीही संकटकाळी काय करावे याच्या मार्गदर्शिका व प्रशिक्षण यांवर भर दिला. स्वयंसेवकांची भाषा व संस्कृतीविषयक तयारी, स्थानिक भागीदारांचा सल्ला आणि प्रवासमार्गाची सुरक्षितता या बाबींना महत्त्व आले.

सेवेचा हिशेब

सुरक्षिततेचा प्रश्न बाजूला ठेवला तरी अल्पकालीन दौऱ्यांच्या उपयुक्ततेविषयी चर्च वर्तुळातही मतभेद आहेत. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर होंडुरासमध्ये परदेशी तुकड्यांनी आणि स्थानिक संस्थांनी घरे बांधली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हर बीक यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दोन्हींची तुलना केली. घर कोणी बांधले यामुळे लाभार्थी कुटुंबांच्या जीवनात लक्षणीय फरक पडल्याचे त्यांना आढळले नाही. तुकडीच्या प्रवासावर होणारा खर्च मात्र घराच्या किमतीच्या कित्येक पट होता. तोच पैसा स्थानिक गवंड्यांना दिला असता तर अधिक घरे उभी राहिली असती आणि लोकांना रोजगारही मिळाला असता, हा त्यातून निघणारा मुद्दा.

दुसरी बाजूही आहे. शस्त्रक्रियेसारखे विशेष कौशल्य जेथे उपलब्ध नाही, तेथे काही दिवसांसाठी आलेला तज्ज्ञही मोलाचा ठरतो. दौऱ्यावरून परतलेले काही जण पुढे वर्षानुवर्षे मदत करत राहतात, काही आयुष्यभराच्या सेवेसाठी पुन्हा जातात. स्थानिक लोकांनी गरज सांगावी आणि पाहुण्यांनी ती पुरवावी, असा क्रम जेथे पाळला जातो तेथे दौरे फलदायी ठरतात, असे अभ्यासक सांगतात.

या संदर्भात महाराष्ट्राचा इतिहास उद्बोधक आहे. अमेरिकी मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्या मिशनच्या लोकांनी मराठी शिकण्यात वर्षे घालवली, शाळा काढल्या, छापखाना चालवला. १८३१ मध्ये अहमदनगरला केंद्र स्थापन झाले. मिरजेचे मिशन रुग्णालय १८९४ मध्ये डॉ. विल्यम वॉनलेस यांनी उभारले आणि तेथे अनेक दशके काम केले. त्यांच्या धर्मप्रसाराविषयी मतभेद होते आणि आहेत. परंतु लोकांमध्ये राहून, त्यांची भाषा बोलून केलेले काम आणि दुभाष्यामार्फत केलेले दहा दिवसांचे काम यांतील अंतर त्यावरून लक्षात येते.

भारतातील नियम

भारतात धर्मप्रसाराच्या कामासाठी मिशनरी व्हिसाचा स्वतंत्र प्रकार आहे. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला धार्मिक स्थळांना भेट देता येते, परंतु धर्मप्रचार करता येत नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकी तरुण जॉन अॅलन चाऊ धर्मप्रसाराच्या हेतूने अंदमानातील प्रतिबंधित उत्तर सेंटिनल बेटावर बेकायदा पोहोचला आणि तेथील आदिवासींच्या हल्ल्यात मारला गेला. बाहेरच्या जगातील रोगांना प्रतिकार करण्याची शक्ती नसलेल्या त्या जमातीलाही यामुळे धोका निर्माण झाला होता. जाणारा स्वतःचा जीव पणाला लावतो तेव्हा अनेकदा यजमानांचाही जीव त्याच्यासोबत पणाला लागतो, हे या घटनेने दाखवले.

त्यानंतरचा अफगाणिस्तान

कोरियाई सैन्य डिसेंबर २००७ मध्ये अफगाणिस्तानातून परतले. २०१० मध्ये कोरियाने परवान प्रांतात पुनर्रचना पथक पाठवले. ते सरकारी पथक होते आणि त्याच्यासोबत सैनिकी संरक्षण होते. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल पुन्हा ताब्यात घेतले, तेव्हा कोरियाच्या दूतावासात, रुग्णालयात व प्रशिक्षण केंद्रात काम केलेले अफगाण कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय अशा सुमारे ३९० जणांना कोरियाने विमानाने आपल्या देशात आणले. ओलीस प्रकरणावर आधारित कोरियाई चित्रपट २०२३ मध्ये प्रदर्शित झाला. नागरिकांना कोणत्याही किमतीवर परत आणावे की नाही, हा २००७ मधील वाद त्या निमित्ताने कोरियात पुन्हा रंगला.