सुरतेचे वाडिया : घराण्याची रीत आणि कर्त्याचा हात

लवजी नसरवानजी वाडिया हे मूळचे सुरतेचे. १७३६ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीच्या बोलावण्यावरून आपले सुतार घेऊन ते मुंबईस गेले. साग पारखण्याची, फळीच्या काठात खाच पाडून दुसरी फळी तीत घट्ट बसविण्याची सुरती रीतही त्यांच्याबरोबर गेली. घराण्यात ती बापाकडून मुलाकडे येत राहिली.

नातू जमशेटजी बमनजींना विलायतेतून आलेल्या आराखड्याबरहुकूम काम करावे लागे. १८१७ साली पाण्यात उतरलेली त्यांची ‘ट्रिंकोमाली’ अशीच ठरीव नमुन्याची. मग कर्त्याचे स्वतःचे असे तीत काय? कोणते लाकूड कोठे घालावे, हे काही कागद सांगत नाही. हे जहाज हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. आपल्या आणखी एका जहाजाच्या तळतुळईवर, ‘हे एका काळ्या माणसाने बांधले’ अशा अर्थाचे शब्द जमशेटजींनी कोरले, अशी आख्यायिका आहे. ती खरी नसली तरी मला पटते.

याच घराण्यातले अर्देशिर करसेटजी मात्र सागापाशी थांबले नाहीत. त्यांना वाफेच्या यंत्राचा ध्यास लागला. १८४१ मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. मुंबईच्या गोदीतील यंत्रशाळेचे मुख्य म्हणून ते रुजू झाले, तेव्हा त्यांच्या हाताखाली युरोपीय कारागीर होते.