काळ्या पाषाणावरील पाणी : मांडवगड आणि लोणार

देवदर्शन आणि जलदर्शन या दोन गोष्टी आपल्या पूर्वजांनी कधी वेगळ्या मानल्या नाहीत. गोमंतकातील मंगेशीच्या देवळापुढील तळी ज्याने पाहिली आहे, त्याला हे निराळे सांगावयास नको. आधी तळीच्या पायऱ्या उतरावयाच्या, हातपाय धुवावयाचे, मग देवासमोर जावयाचे, आणि परतताना पुन्हा काठावर घटकाभर टेकावयाचे, असा तो क्रम. त्या घटकाभर विसाव्यातच आजच्या सहलीचे बीज आहे. हल्ली मात्र पाणी पाहण्यासाठी माणसे स्वतंत्रपणे घराबाहेर पडू लागली आहेत, आणि त्यातही ‘ज्वालामुखीचे तळे’ असे नाव कानी पडले की औत्सुक्य दुणावते. या नावाखाली आपल्याकडे नेमके काय आहे, आणि त्या पाण्याशी येणाऱ्याजाणाऱ्यांचे नाते कसकसे बदलत गेले, हे पाहण्यासाठी दोन स्थळे पुरेशी आहेत : माळव्यातील मांडवगड आणि वऱ्हाडातील लोणार.

आधी जमिनीचा विचार केला पाहिजे. धार जिल्ह्यातील राजगडापासून देवासच्या टेकडीपर्यंत, आणि तेथून नर्मदा-तापी ओलांडून सह्याद्रीपर्यंत जो काळा पाषाण पसरला आहे, तो सर्व सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे. तेव्हा आपल्या पायाखाली ज्वालामुखी आहे हे खरेच. पण तो रस मुख्यत्वे भूमीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून थरावर थर असा पसरला. म्हणून शिखरावर मुख, मुखात पाणी, असे चित्र या पठारावर आढळत नाही. तसले तळे पाहावयाचे तर इटलीत रोमच्या दक्षिणेस नेमी येथे जावे लागेल. तेथे खऱ्याखुऱ्या ज्वालामुखीच्या मुखात सरोवर आहे, आणि त्याच्या काठी प्राचीन रोमन लोकांनी डायना देवतेचे मंदिर बांधले होते. पाण्याच्या काठी देव बसविण्याची बुद्धी केवळ आपल्यालाच झाली असे नव्हे !

मांडवगडाचे पाणी निसर्गाने दिलेले नाही, ते माणसाने अडविलेले आहे. विंध्याच्या कड्यावरील या विस्तीर्ण गडावर वाहती नदी नाही. पावसाचे पाणी साठविले तरच वस्ती टिकावयाची. त्यामुळे गडाचा इतिहास हा बव्हंशी तलावांचा इतिहास आहे. मुंज तलावाच्या नावाशी परमारवंशीय राजा वाक्पतिराज मुंज याची स्मृती निगडित आहे. हा राजा दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातला, सुप्रसिद्ध भोजराजाचा चुलता. पुढे माळव्याच्या सुलतानांच्या काळात मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध जहाज महाल उभा राहिला. गियासुद्दीन खिलजीच्या (१४६९–१५००) नावावर तो सांगितला जातो. दोन्ही बाजूंचे तलाव भरले म्हणजे ती लांबट इमारत पाण्यावर तरंगणाऱ्या जहाजासारखी भासते, आणि हे दृश्य पाहण्यासाठी आजही पावसाळ्यात इंदूर-धारकडील मंडळी गडावर लोटतात.

इ. स. १६१७ मध्ये जहांगीर बादशहा येथे येऊन राहिला. शब-ए-बरातच्या रात्री तलावाच्या काठावर आणि भोवतालच्या इमारतींवर दिवे लावून त्याने जो उत्सव केला, त्याचे वर्णन त्याने स्वतःच आपल्या आत्मवृत्तात मोठ्या हौसेने लिहून ठेविले आहे. तथापि त्याच वर्षी इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हाही बादशहाच्या छावणीबरोबर मांडवगडावर होता, आणि त्याच्या रोजनिशीत पाण्याच्या दुर्भिक्षाची नोंद आहे. एका गडावरील, एका वर्षातील ही दोन टिपणे शेजारी ठेवून वाचावीत. काठावर दिवे लावणाऱ्याला तलाव शोभेचा वाटला; घागर घेऊन हिंडणाऱ्याला त्याच तलावाची खोली समजली. विलासासाठी आलेला समुदाय तलावापेक्षा मोठा झाला की काय होते, याचा धडा चार शतकांपूर्वीच मिळून गेला आहे.

याच गडावर रेवाकुंड आहे. रूपमतीच्या आख्यायिकेमुळे ते प्रवाशांना ठाऊक असते. परंतु नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरूही या कुंडाला नर्मदेचेच रूप मानून येथे येतात. एकाच कुंडावर एक प्रेमकथेसाठी येतो, एक व्रतासाठी. अठराव्या शतकात धार आणि देवास येथे पवारांची राज्ये स्थिरावली, आणि १९४८ मध्ये ती मध्यभारतात विलीन होईपर्यंत मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या या मुलुखात नांदल्या. देवासला टेकडीवर तुळजाभवानी आणि चामुंडा, नि गावात मीठा तालाब. डोंगरावर देवी आणि खाली पाणी ही मांडणी त्यांना परकी वाटली नसावी.

आता माळव्यातून याच पाषाणावरून दक्षिणेस, बुलढाणा जिल्ह्यात उतरू. लोणारचे सरोवर कोणी बांधलेले नाही. सपाट रानातून चालता चालता एकाएकी पायापुढे जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंदीची वर्तुळाकार दरी उघडते आणि तिच्या तळाशी खारे, हिरवट पाणी दिसते. ‘आइने अकबरी’त या स्थळाचा उल्लेख आहे. साबण आणि काच यांस लागणारे द्रव्य येथे निपजते असे अबुल फजल लिहितो, आणि ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, असेही नोंदवितो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस लोणार हे पितरांच्या उद्धाराचे क्षेत्र होते, आणि क्षाराची खाणही होते. डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशी क्षाराच्या प्रकारांची नावे तेथील धंद्यात रूढ होती.

गावातील दैत्यसूदनाच्या शिल्पसमृद्ध मंदिरात लवणासुराचे मर्दन करणारा विष्णु उभा आहे. भूमीखालील विवरात दडून बसलेल्या त्या दैत्याचे झाकण देवाने उडविले, त्याच्या रक्ताचे पाणी झाले आणि मांसाचे मीठ, अशी कथा आहे. काठाजवळ अखंड वाहणारे गोड्या पाण्याचे तीर्थ ‘धार’ या नावाने ओळखले जाते. खाली उतरताना सीतान्हाणी, रामगया लागतात, आणि सरोवराच्या अगदी कडेला कमळजा देवीचे स्थान आहे. तिची नवरात्रातील यात्रा हीच लोणारची खरी जुनी सहल होय.

१८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर हा इंग्रज अधिकारी येथे येऊन गेला, आणि तेव्हापासून हे विवर ज्वालामुखीचे मुख आहे, असा समज विद्वानांत दृढ झाला. भोवती सर्वत्र लाव्हाचा दगड असताना दुसरे काय सुचावे ? अमेरिकेतील अ‍ॅरिझोनाच्या विवराशी त्याचे साम्य गिल्बर्टने १८९६ मध्ये दाखविले, १९६४ मध्ये लाफोंड आणि डीट्झ यांनी उल्कापाताचा प्रश्न स्पष्ट मांडला, आणि १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात प्रचंड आघाताने काचरूप झालेले खनिज पुराव्यादाखल पुढे आले. वादाचा निकाल लागला : लोणार ज्वालामुखीने नव्हे, आकाशातून कोसळलेल्या उल्केने घडविले. त्याचे वय पूर्वी पन्नास हजार वर्षांच्या आसपास मानीत. २०११ च्या संशोधनाने ते पाच लाख सत्तर हजार वर्षांपर्यंत मागे नेले आहे. पुराणकथेने भूगर्भविज्ञान सांगितले, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु येथे काही तरी भयंकर घडले होते, एवढी जाण त्या कथेने जपली, हे मान्य करावयास हरकत नाही.

या पाण्याला बाहेर वाट नाही. झरे आणि पाऊस आत येतात, ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतो. या तोलावरच लोणारचे लोणारपण उभे आहे. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झाले ते क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे, असे तपासणीत आढळले. त्याच वर्षी सरोवराला रामसर स्थळाचा मान मिळाला. त्यापूर्वीच, २००० मध्ये, ते अभयारण्य झाले होते. पण मान मिळाला म्हणून तोल राहतोच असे नाही. गावाचे सांडपाणी, वरच्या शेतांतील खते, तीर्थावरील साबणाचा फेस हे सारे उतारावरून अखेर तळाशीच जाते. गोडे पाणी अधिक आले की क्षार पातळ होतो, आणि पाणी चढले की कमळजेच्या मंदिरालाच त्याचा वेढा पडतो.

सहलीला जाणाऱ्यांनी जाऊ नये, असे कोण म्हणेल ? नवरात्रात कमळजेकडे उतरणारी बाया-माणसेही आनंदासाठीच चालत असतात. परंतु यात्रेकरूच्या पायाला एक लगाम होता. तीर्थात थुंकावयाचे नाही, देवीच्या रानातले काही मोडावयाचे नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यावयाचे आहे, हे मनात धरावयाचे. पुन्हा यावयाचे असते तो पाणी घाण करीत नाही. सहलीचा माणूस बहुधा एकदाच येतो, आणि नेमकी तेथेच गोम आहे. मांडवगडाचा तलाव गाळाने भरला तर उपसता येईल, फुटला तर बांधता येईल. लोणार दुसऱ्यांदा घडावयाचे नाही. म्हणून त्याच्या काठावर उभे राहताना हातात शिदोरी असो वा पूजेचे ताट, वृत्ती यात्रेकरूची असावी, इतकेच सांगणे.