ताराबाई–अनुताई कार्यसंबंध

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ पासून आधी बोर्डी आणि मग कोसबाड (दोन्ही ता. डहाणू, जि. पालघर, त्या काळी ठाणे जिल्हा) येथे मिळून केलेले काम. माणसाची घडण आणि त्याची नाती त्याच्या कामाच्या जागी कशी उतरतात, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचित सापडेल.

दोघींचे संसार अकाली मोडलेले. ताराबाई प्रार्थनासमाजी केळकर घराण्यातल्या, १९१४ च्या पदवीधर. अमरावतीच्या वकिलाशी झालेला त्यांचा विवाह १९२१ मध्ये संपला. राजकोटला मुलींच्या शिक्षणसंस्थेतले प्राचार्यपद सोडून १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या. गिजुभाई वकिली सोडून बालशिक्षणाकडे वळलेले. त्यांनी स्वीकारलेल्या माँटेसोरी पद्धतीत मोठ्याने हुकूम सोडायचा नसतो, मुलाकडे पाहत थांबायचे असते. ही शिस्त ताराबाईंनी तिथे अंगी बाणवली. अनुताई मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. शिक्षिकेची नोकरी हा त्यांचा आधार होता; पुण्याला हुजूरपागा शाळेत शिकवत असताना रात्रशाळेत जाऊन त्या मॅट्रिक झाल्या आणि पन्नाशीच्या सुमारास पदवीधर.

१९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा ट्रस्टच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. ताराबाई ५३ वर्षांच्या, अनुताई ३५ च्या. त्याच वर्षी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र सुरू झाले. आचार्य शं. रा. भिसे यांच्यामुळे गावात शिक्षणाचे वातावरण आधीच होते. तरी वस्तीतली पोरे बालवाडीकडे फिरकेनात. मग बालवाडीच त्यांच्या दारी गेली. भिंतींची शाळा मागे पडली आणि घरापुढचे अंगण हे शिक्षिकेचे कामाचे ठिकाण झाले; हीच अंगणवाडी. पोरांना आंघोळ घालणे, केस विंचरणे, नखे कापणे हे तिचे रोजचे काम ठरले. माँटेसोरीची महागडी साधने बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे वापरात आले.

कामाची ही रीत निव्वळ पुस्तकातून आली नसती. तिच्या श्रेयाची ‘ताराबाईंचा विचार, अनुताईंचे कष्ट’ अशी वाटणी सर्रास केली जाते. ती सोपी आहे आणि अनुताईंवर अन्याय करणारी आहे. अनुताईंनी प्रयोग केले, ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्रही लिहिले. उलट ताराबाईंनी साठी ओलांडल्यावर कोसबाडची टेकडी पत्करली. नाते गुरू-शिष्येचे होते खरे, पण ताराबाईंनी स्वतः गिजुभाईंकडे बरोबरीची सहकारी म्हणून काम केले होते, आणि हाताखालच्या माणसाला वाढू देण्याची सवय त्यांना तिथूनच लागली असावी.

१९५७ मध्ये काम कोसबाडला हलले. तिथली वारली मुले गुरे राखत, नाहीतर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन हिंडत. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी राहिली, आणि गुराख्यांसाठी कुरणशाळा. ताराबाईंच्या निधनानंतर अनुताई तिथेच राहिल्या. पुढे रमेश पानसे यांच्यासह त्यांनी डहाणू तालुक्यात ऐने येथे ‘ग्राममंगल’चे काम उभे केले.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. या सरकारी विस्तारात एक खोट राहिली. बोर्डीच्या दोघींनी झिजणे आपखुशीने स्वीकारले होते. योजनेने मात्र लाखो अंगणवाडी सेविकांकडून तेच गृहीत धरले. त्यांना ‘मानसेवी’ ठरवून पगाराऐवजी तुटपुंजे मानधन दिले. त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला तो एप्रिल २०२२ मध्ये.