हृदयगतीची परिवर्तनशीलता (अत्यवस्थ रुग्णांतील)

हृदयाच्या लागोपाठच्या दोन ठोक्यांमधील अंतर क्षणोक्षणी किंचित कमीअधिक होत असते. या चढउतारास हृदयगतीची परिवर्तनशीलता म्हणतात. मिनिटाला ७० ठोके देणारे निरोगी हृदय प्रत्येक ठोका बरोबर ८५७ मिलिसेकंदांनी देत नाही. श्वास आत घेताना ते थोडे घाई करते आणि श्वास सोडताना रेंगाळते. नाडी घड्याळासारखी चालते, असे आपण कौतुकाने म्हणतो खरे. परंतु जी नाडी खरोखरच घड्याळासारखी चालू लागते, ती अतिदक्षता विभागातील वैद्याला काळजीत टाकते.

या चंचलतेचे मूळ स्वायत्त तंत्रिका तंत्रात आहे. हृदयाची कोटर-अलिंद गाठ स्वतःच स्पंदने निर्माण करीत असली, तरी तिच्यावर दोन कारभाऱ्यांचा अंमल चालतो: परानुकंपी विभागातील प्राणेशा तंत्रिका गती मंद करते आणि तिच्या हुकमाची तामिली जवळजवळ पुढच्याच ठोक्याला होते, अनुकंपी तंत्रिका गती वाढवते, पण तिचा परिणाम दिसण्यास काही सेकंद लागतात. म्हणूनच चढउतारांचे वारंवारतेनुसार पृथक्करण केले असता, ०.१५ ते ०.४ हर्ट्‌झ या पट्ट्यातील जलद लहरी मुख्यतः प्राणेशेच्या खाती जमा होतात, ०.०४ ते ०.१५ हर्ट्‌झच्या लहरींत मात्र दोन्ही कारभाऱ्यांचा हात असतो, आणि त्या केवळ अनुकंपीच्या नावावर मांडण्याची जी रीत रूढ झाली, ती चुकीची होय.

श्वासाबरोबर नाडी बदलते याचा आलेख जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ कार्ल लुडविग यांनी १८४७ साली काढला. पुढे १९६५ मध्ये हॉन व ली या संशोधकांना असे आढळले, की गर्भाशयातील बालक संकटात सापडले असता त्याच्या हृदयाची सरासरी गती बदलण्यापूर्वीच ठोक्यांमधील अंतरे बदलू लागतात. हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या ८०८ रुग्णांची क्लायगर व सहकाऱ्यांनी केलेली पाहणी १९८७ साली प्रसिद्ध झाली. तीत चोवीस तासांच्या अंतरांचे प्रमाण विचलन ५० मिलिसेकंदांहून कमी असणाऱ्यांना मृत्यूचा धोका, १०० हून अधिक असणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे पाचपट दिसला. मापनपद्धतीचे सर्वमान्य नियम १९९६ साली युरोपीय व अमेरिकी तज्ज्ञांच्या संयुक्त मंडळाने ठरविले.

त्याच वर्षी गोडिन व बुखमन यांनी अत्यवस्थ रुग्णांसंबंधी एक विचारप्रवर्तक उपपत्ती मांडली. शरीरातील इंद्रिये परस्परांशी सतत संवाद राखणारी आंदोलके आहेत, आणि सेप्सिससारख्या (जंतुसंसर्गातून उद्भवणाऱ्या) आघाताने हा संवाद तुटला, की एकामागून एक इंद्रिये निकामी होतात, असे तिचे सार आहे. या दृष्टीने पाहता सपाट झालेली हृदयगती म्हणजे मुख्य ठाण्याशी टपाल बंद पडल्याची खूण. मस्तिष्कमृत्यू झालेल्या रुग्णात ती जवळजवळ पूर्ण सपाट होते. प्रत्यक्ष उपचारात या मापनाचा सर्वांत ठोस लाभ अत्यल्प वजनाच्या नवजात अर्भकांना झाला: अमेरिकेत ३,००३ अर्भकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, हृदयगतीवरून जंतुसंसर्गाचा आगाऊ इशारा वैद्यांना दाखविल्यास मृत्युप्रमाण १०.२ टक्क्यांवरून ८.१ टक्क्यांवर आले. प्रौढांच्या बाबतीत इतका निर्णायक पुरावा नाही.

याचे कारण समजण्यास दूर जावयास नको. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात मोडणारे कुंडल हे ऊस व द्राक्षांच्या मुलखातील गाव. अशा मुलखात सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशकाच्या विषबाधेचा रुग्ण नवलाचा नसतो. या विषाने ॲसिटिलकोलीन साचून प्राणेशेचा जोर बेसुमार वाढतो. त्यावर उतारा म्हणून अॅट्रोपीन भरपूर दिले, की प्राणेशेचा हृदयावरील अंमलच संपुष्टात येतो. अशा वेळी यंत्र परिवर्तनशीलता नाहीशी झाल्याचे दाखविते, पण रुग्ण सुधारत असतो! कृत्रिम श्वसन, गुंगीची औषधे, जुना मधुमेह, अलिंदाचे अनियमित स्फुरण, यांपैकी काहीही आकडा बिघडवू शकते. प्रस्तुत लेखकाच्या मते, रुग्णाचा औषधतपशील शेजारी न ठेवता हा आकडा वाचणे म्हणजे अर्धेच दप्तर पाहून निकाल देणे होय.

याच स्वायत्त तंत्राचा प्रक्षोभ यंत्रावाचूनही ओळखता येतो, याचा दाखला महाराष्ट्रानेच घालून दिला. लाल विंचवाच्या दंशाने रक्तात अनुकंपी द्रव्यांचा पूर लोटतो, रक्तदाब चढतो, पुढे हृदय थकून फुप्फुसांत पाणी भरते. कोकणातील महाड परिसरात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी खाटेशेजारी रात्री जागून ही लक्षणे टिपली, १९८२ साली ती ‘लॅन्सेट’मध्ये मांडली आणि १९८६ साली त्याच नियतकालिकात प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, त्यापूर्वी गंभीर दंश झालेल्या रुग्णांपैकी पुष्कळ दगावत. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

लाल विंचू कोकणापुरता नाही, घाटमाथ्यावरही आहे. दंशानंतर दरदरून घाम सुटला, उलट्या झाल्या आणि हातपाय गार पडले, तर मंत्राने विष उतरविण्यात वेळ न घालविता रुग्णास तत्काळ जवळच्या दवाखान्यात न्यावे.