हस्तलिखितांचे राखणदार

१९४३ सालच्या शरद ऋतूत दक्षिण इटलीतील मोंते कासिनोच्या मठाच्या दारी जर्मन सैन्यातील एक अधिकारी येऊन उभा राहिला. युलियुस श्लेगेल हे त्याचे नाव; तो मूळचा व्हिएन्नाचा. युद्धाची आघाडी या डोंगराच्या दिशेने सरकत आहे, तेव्हा मठातील ग्रंथ आणि कलावस्तू माझ्या हवाली करा, मी त्या रोमला पोहोचत्या करतो, असे त्याचे म्हणणे होते. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात स्थापिलेला हा मठ. त्याचे वयोवृद्ध मठाधिपती ग्रेगोरियो दियामारे यांचा या बोलण्यावर प्रथम विश्वास बसेना, आणि त्यात नवल ते काय? गणवेशधारी परका माणूस दारी येतो आणि शतकानुशतके जपलेले धन मागतो. त्याला हो म्हणावे ते कोणत्या भरवशावर? अखेर ते राजी झाले. लष्करी मालमोटारींतून पेट्यांमागून पेट्या रवाना झाल्या. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी मठाची राखरांगोळी केली, तेव्हा आश्रयाला आलेली माणसे मेली; ग्रंथ मात्र वाचले.

या घटनेची आठवण अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात, कॉलेजव्हिल येथील सेंट जॉन्स मठात दीर्घकाळ जागी राहिली. तेथील व्रतस्थही बेनेडिक्टचेच अनुयायी. पुढे शीतयुद्धाचा काळ आला. युरोपवर अणुबॉम्ब पडले तर मोंते कासिनोला जे साधले ते पुन्हा साधणार नाही, ही भीती तेव्हा कुणालाही अवास्तव वाटत नव्हती. ग्रंथ हलविता येत नसतील तर निदान त्यांची छायाचित्रे तरी दूर नेऊन ठेवावीत, असा विचार पुढे आला आणि १९६४ साली फादर ऑलिव्हर काप्सनर यांना युरोपात धाडण्यात आले. साठी ओलांडलेले हे धर्मगुरू व्यवसायाने ग्रंथपाल. हाती मायक्रोफिल्मची योजना आणि पाठीशी आपल्या मठाचे नाव, एवढेच त्यांचे भांडवल.

प्रारंभी त्यांच्या पदरी नकारच आले. एकाच संस्थापकाची लेकरे असूनही युरोपातील मठाधिपती या अमेरिकन बंधूकडे साशंकतेने पाहत होते. शेवटी ऑस्ट्रियातील क्रेम्समुन्स्टर मठाने दार उघडले आणि १९६५ साली तेथे पहिला कॅमेरा उभा राहिला. मग एकाचे पाहून दुसरा, दुसऱ्याचे पाहून तिसरा असे मठ पुढे येत गेले. कॉलेजव्हिलच्या या संग्रहाला पुढे हिल घराण्याच्या देणगीवरून हिल हे नाव लाभले. आज ती संस्था हिल संग्रहालय व हस्तलिखित ग्रंथालय म्हणून ओळखली जाते.

संशयाचे मूळ कुठे आहे हे जाणल्याशिवाय पुढची हकिकत उमगणार नाही. म्हणून थोडे मागे जाऊ. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी संत कॅथरीनचा मठ आहे. चौथ्या शतकात लिहिलेले ग्रीक बायबल तेथे होते. १८५९ साली कॉन्स्टान्टिन टिशेनडॉर्फ या जर्मन पंडिताने ते नेले. परत करण्याचे वचन देणारे त्याच्या सहीचे पत्र मठवासीयांनी आजही जपून ठेवले आहे. ग्रंथ रशियाच्या झारकडे गेला आणि १९३३ साली सोव्हिएत सरकारने तो एक लाख पौंडांना ब्रिटिश म्युझियमला विकला. ‘अभ्यासासाठी नेतो’ असे म्हणणाऱ्या पाश्चात्त्यांविषयी पूर्वेकडील मठांना काय वाटत असेल, हे सांगण्यासाठी एवढे एक उदाहरण पुरेसे आहे. २००९ साली लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सिनाई या चार ठिकाणी विखुरलेली पाने संगणकाच्या पडद्यावर एकत्र आली, पण त्याआधी चारही धन्यांना एका मेजाभोवती बसावे लागले. माझ्या मते खरे कौशल्य त्या बैठकीत होते, यंत्रात नव्हते.

कॉलेजव्हिलचे काम १९७० च्या दशकात इथिओपियात पोहोचले. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्तमंडळाच्या देवळांत आणि मठांत गीझ भाषेतील चर्मपत्रांचा केवढा तरी साठा होता. १९७४ साली सम्राट हैले सेलासी पदच्युत झाले आणि देशावर लष्करी राजवट आली, तरी छायाचित्रणाचे काम सुरूच राहिले. नऊ हजारांहून अधिक हस्तलिखितांच्या प्रती तयार झाल्या. पण या प्रती वाचणार कोण? त्यांचे वर्णन लिहिणार कोण? त्याचे उत्तर एका दुर्दैवी घटनेतून मिळाले. गेटाचू हैले हे गीझचे गाढे अभ्यासक. संसदेचे सदस्यही होते. १९७५ साली सैनिक त्यांना पकडायला घरी आले. झालेल्या चकमकीत त्यांना गोळी लागली आणि कमरेखालचे शरीर कायमचे लुळे पडले. पुढच्याच वर्षी ते कॉलेजव्हिलला आले आणि चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी आपल्या देशाचे ग्रंथ एकामागून एक वाचून सूचीबद्ध केले. ज्या मातीत परतणे शक्य नव्हते तिची पाने दररोज डोळ्यांपुढे! १९८८ साली त्यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्तीचा बहुमान लाभला. २०२१ साली ते निवर्तले.

फादर कोलंबा स्टुअर्ट यांनी २००३ साली या संस्थेची सूत्रे हाती घेतली. प्राचीन ख्रिस्ती मठजीवनाचा अभ्यास हा त्यांचा विषय. मायक्रोफिल्मचे युग संपत आले होते, आणि लेबननपासून डिजिटल छायाचित्रणाचा प्रारंभ झाला. फिल्मऐवजी संगणक आला, एवढाच हा बदल असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. बदलली ती कामाची रीत. हस्तलिखित एक दिवसही आपल्या घराबाहेर जाणार नाही. छायाचित्रे काढणारी माणसे त्याच गावची, त्याच समाजाची असतील. त्यांना शिक्षण, कॅमेरा आणि वेतन कॉलेजव्हिल पुरवील. छायाचित्रांचा एक संच धन्याकडे राहील आणि त्यांवरील हक्कही त्याचाच राहील. आधीच्या पिढ्यांनी जे नेले त्याची ही एका अर्थी परतफेडच होती. अशा करारांसाठी पुष्कळ भेटी द्याव्या लागतात, पुष्कळ ऐकून घ्यावे लागते. मठवासीयाचा झगा अंगावर असल्याने फादर कोलंबांना पूर्वेकडील मठांत आपलेपणाने प्रवेश मिळाला हे खरे. पण झगा दारापर्यंत नेतो, कपाटाची किल्ली मिळते ती दिलेला शब्द पाळल्यावरच.

हा शब्द ख्रिस्ती वर्तुळापुरता राहिला नाही. मालीमधील टिंबक्टू शहर २०१२ साली अतिरेक्यांच्या हाती पडले, तेव्हा अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुस्लिम घराण्यांची हस्तलिखिते पेट्यांत भरून गुपचूप बामाकोला हलविली. पुढे त्यांच्या छायाचित्रणाला साह्य करणाऱ्यांत या बेनेडिक्टवासीयांची संस्था होती.

भारताचाही यात वाटा आहे. केरळातील संत थॉमसच्या ख्रिस्ती परंपरेची सिरियाक हस्तलिखिते, कोट्टायम आणि त्रिशूर येथील संग्रह धरून, या मोठ्या सूचीत दाखल झाली आहेत. हे वाचताना आपल्याकडची एक खंत मनात आल्यावाचून राहत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले. त्याच शतकात त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्हींपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो कुणीकुणी हाताने उतरवून ठेवलेल्या नकलांमुळे. त्या नकलाकारांपाशी कॅमेरा नव्हता, पण काम तेच होते.

आता इराकची कथा. मोसुलचे फादर नजीब मिखाइल हे डॉमिनिकन संघाचे. १९९० साली त्यांनी पूर्वेकडील हस्तलिखितांच्या छायाचित्रणाचे केंद्र सुरू केले. पुढे कॉलेजव्हिलशी त्यांचे सहकार्य जुळले. मोसुलमध्ये ख्रिस्ती लोकांवरील हल्ले वाढले तेव्हा २००७ साली त्यांनी संग्रह काराकोश या ख्रिस्ती गावी हलविला. २०१४ च्या उन्हाळ्यात मोसुल इस्लामिक स्टेटच्या ताब्यात गेले. धोका ओळखून फादरांनी बराच संग्रह एर्बिलला पोहोचविला, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात काराकोशही पडणार असे दिसताच उरलेल्या पेट्या गाडीत घालून ते निघाले. रस्त्यावर हजारो निर्वासित. कुर्दी हद्दीच्या नाक्यावर गाडी पुढे जाऊ देईनात. तेव्हा त्यांनी पायी चाललेल्या माणसांच्या हाती, मुलांच्यासुद्धा हाती, ग्रंथ दिले. ज्यांनी आपले घरदार, दागदागिने मागे टाकले होते त्यांनी परक्याची पुस्तके पलीकडे नेली आणि ती परत आणून दिली.

मार बेहनाम मठात निराळाच प्रकार घडला. तेथील धर्मगुरूंनी हस्तलिखिते लोखंडी पिंपांत भरली, जिन्याखाली ठेवली आणि पुढे भिंत उभारली. अतिरेकी त्या मठात मुक्कामाला होते. २०१५ साली त्यांनी संत बेहनामची समाधी सुरुंगाने उडविली; भिंतीमागे काय आहे याचा मात्र त्यांना पत्ता लागला नाही. २०१६ साली मठ मुक्त झाल्यावर पिंपे बाहेर काढली. त्यातील ग्रंथांची छायाचित्रे आधीच सुरक्षित होती, तरी भिंत फोडताना तेथे जमलेल्यांना छायाचित्रे आठवली असतील असे वाटत नाही.

एर्बिलमध्ये फादर नजीब यांनी आणखी एक गोष्ट केली. निर्वासितांत पदवीधर तरुण-तरुणी होती; काम गेलेले, घर गेलेले, तंबूत दिवस मोजणारे. त्यांना त्यांनी जीर्ण पाने सांधण्याचे आणि कॅमेऱ्याने टिपण्याचे शिक्षण देऊन कामाला लावले. केवळ खाल्डियन किंवा सिरियन मठांचेच नव्हे, तर मुस्लिम आणि यझिदींचेही ग्रंथ या केंद्राने जपले. जानेवारी २०१९ मध्ये फादर नजीब मोसुलचे खाल्डियन आर्चबिशप झाले आणि जेथून ग्रंथ घेऊन बाहेर पडावे लागले होते, त्याच शहरात राहायला गेले.