ऊर्जेचा इतिहास : मागणी किती, गरज किती?

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे जगातल्या ऊर्जेचा पुरवठा आणि तिची मागणी, आणि तोही दोन-अडीचशे वर्षांच्या पल्ल्यावर. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्यामुळे साहजिकच कुणी विचारेल, की तत्त्वज्ञानवाल्यांचं इथे काय काम? हा विषय तर इंजिनिअरांचा, अर्थशास्त्रज्ञांचा. पण आकडे मोजण्याआधी आपण नेमकं काय मोजतो आहोत हे विचारावं लागतं, आणि तेवढं काम तत्त्वज्ञानाला करता येतं. 'मागणी' हा शब्द आपण रोज वापरतो. ती कुठून येते, हे फारसं कुणी विचारत नाही. आज आपण इतिहासाच्या वाटेने त्या प्रश्नापर्यंत जाऊ.

शाळेत आपल्याला ऊर्जेचा इतिहास एखाद्या जिन्यासारखा शिकवलेला असतो. आधी लाकडाचं युग, मग कोळशाचं, मग तेलाचं, मग वायूचं आणि अणूचं, आणि आता सूर्याचं. एका पायरीवरून पाऊल उचललं की दुसरी पायरी. ऐकायला छान वाटतं, पण आकडे तसं सांगत नाहीत.

इसवी सन १८०० च्या सुमारास जगाची लोकसंख्या शंभर कोटींच्या आसपास होती. आज ती आठशे कोटींच्या पुढे आहे, म्हणजे साधारण आठपट. ऊर्जेचा एकूण वापर मात्र या काळात सुमारे तीसपट झाला. माणसं वाढली, आणि दर माणशी वापरही जवळजवळ चौपट झाला. आता लाकडाचं बघा. लाकूड, गोवऱ्या, काटक्या हे जे पारंपरिक जळण, ते १८०० साली जग जेवढं जाळत होतं त्यापेक्षा आज जास्त जाळतं. एकूण वापरातला त्याचा टक्का घसरला, पण प्रत्यक्ष ढीग मोठाच झाला. कोळशाचंही तेच. आपण 'कोळशाचं युग' एकोणिसाव्या शतकात टाकून मोकळे होतो. पण २०२४ साली जगाने साडेआठशे कोटी टनांहून जास्त कोळसा जाळला, आणि तोवरच्या इतिहासातला तो उच्चांक होता. म्हणजे नवं इंधन आलं की जुनं गेलं, असं झालं नाही. एकावर एक थर चढत गेले.

आणि हे थर एकमेकांपासून सुटेही नाहीत. कोळशाच्या खाणीचं छत कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू लागत. कोळसा जितका जास्त खणला, तितकी लाकडाची तोडही वाढली. व्हेल माशाच्या तेलाची गोष्ट तर सगळ्यांनी ऐकलेली असते. (मासा आपण म्हणतो, तसा तो सस्तन प्राणी.) १८५९ साली पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला ड्रेकच्या विहिरीला तेल लागलं, रॉकेल आलं, दिव्यात व्हेलचं तेल जाळायची गरज संपली, आणि व्हेल वाचले! फक्त इतिहास इथे थांबत नाही. वाफेवर आणि पुढे डिझेलवर चालणारी जहाजं आली, त्यांवर हार्पूनच्या तोफा बसल्या, आणि व्हेलच्या तेलाला मार्गारिन आणि साबणाचं नवं गिऱ्हाईक मिळालं. विसाव्या शतकात जगभरात तीस लाखांच्या आसपास व्हेल मारले गेले. ज्या खनिज तेलाने त्यांना वाचवलं असं आपण म्हणतो, त्याच तेलावर त्यांना मारणारी जहाजं चालली.

हे असं का होतं? या प्रश्नाला पहिलं नेटकं उत्तर दिलं ते विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने. १८६५ साली त्याचं 'द कोल क्वेश्चन' हे पुस्तक आलं तेव्हा तो तिशीचाही नव्हता. त्या काळात ब्रिटन वर्षाला सुमारे दहा कोटी टन कोळसा काढत होता, आणि हा वेग टिकला तर पुढे काय, ही चिंता सगळ्यांना होती. लोक म्हणत, काळजी कशाला? इंजिनं सुधारतील, कमी कोळशात तेवढंच काम होईल. जेव्हन्स म्हणाला, नेमकं उलट होईल. न्यूकमेनचं इंजिन १७१२ साली चालू झालं, ते इतका कोळसा खाई की खाणीच्या तोंडाशीच परवडे. तिथे ते खाणीतलं पाणी उपसायचं. वॉटने सुधारणा केली, १७६९ साली पेटंट घेतलं, आणि त्याच कामाला कितीतरी कमी कोळसा पुरू लागला. परिणाम काय झाला? इंजिन खाणीवरून उठून सूतगिरणीत आलं, लोखंडाच्या कारखान्यात आलं, रुळांवर आणि जहाजांवर चढलं. एकेका इंजिनाने कोळसा वाचवला आणि देशाने मिळून तो अनेक पटींनी जाळला.

जेव्हन्सचं निदान बरोबर होतं, भाकीत मात्र फसलं. त्याने वाढीचा दर तसाच पुढे ओढला आणि १९६१ साली ब्रिटनला अडीचशे कोटी टनांहून जास्त कोळसा लागेल असं गणित मांडलं. प्रत्यक्षात ब्रिटनचं उत्पादन १९१३ साली एकोणतीस कोटी टनांच्या आसपास शिखराला पोचलं आणि मग उतरलं. पेट्रोलियमची त्याने फारशी दखलच घेतली नव्हती. केन्सने त्याच्याबद्दल एक मजेदार गोष्ट नोंदवली आहे. कागदाचाही तुटवडा होणार या धास्तीने जेव्हन्सने घरात कागदाचा एवढा साठा केला होता, की त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षं उलटली तरी मुलांना तो संपवता आला नव्हता.

जेव्हन्सच्या निदानाचा सगळ्यात ठळक पुरावा म्हणजे उजेड. ब्रिटनमधल्या उजेडाच्या किमतीचा अभ्यासकांनी कित्येक शतकांचा हिशेब मांडला आहे. १८०० ते २००० या दोनशे वर्षांत तेवढ्याच उजेडाची खरी किंमत तीन हजार भागांतल्या एका भागापेक्षाही खाली आली. आणि दर माणशी उजेडाचा वापर? तो सहा हजार पटींहून जास्त वाढला. मेणबत्तीच्या काळात कुणी 'मला सहा हजारपट उजेड हवा' असं म्हणत नव्हतं. ती मागणी आधी कुठे दडून बसलेली नव्हती. स्वस्ताईने, रस्त्यांनी, रात्रपाळीच्या कारखान्यांनी आणि जाहिरातींच्या फलकांनी ती घडवली.

आता आपल्याच घराजवळचा दाखला घेऊ. मुंबईची पहिली कापड गिरणी १८५४ साली कावसजी दावर यांनी स्थापली. गिरण्यांच्या चिमण्या वाढल्या, आणि त्यांच्यासाठी लागणारा कोळसा बराच काळ जहाजातून इंग्लंडहून यायचा. मग टाटांनी लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर पावसाचं पाणी अडवलं, ते नळांतून घाटाखाली खोपोलीला सोडलं, आणि १९१५ साली तिथली वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. पाठोपाठ भिवपुरी आणि भिरा. म्हणजे मुंबई कोळशावरून पाण्यावर गेली. आजच्या भाषेत ती 'हरित' झाली म्हणा ना! पण वीज आली तशी विजेची सवयही आली. शहर वाढलं, पाणी पुरेना, आणि १९५६ साली तुर्भ्याला, म्हणजे ट्रॉम्बेला, औष्णिक केंद्र उभं राहिलं. पाणी आधी, आग नंतर. शाळेतल्या जिन्याच्या पायऱ्या इथे उलट्या पडल्या.

यावरून 'मागणी वाढतच राहणार, तो निसर्गनियमच आहे' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो टाळू या, कारण इतिहासाने त्यालाही उत्तर देऊन ठेवलं आहे.

१९५६ साली हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने सांगितलं, की अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं तेलाचं उत्पादन १९६५ ते १९७० च्या दरम्यान शिखर गाठेल. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. १९७० साली शिखर आलं, आणि तो द्रष्टा ठरला. पण २०१८ साली अमेरिकेने ते जुनं शिखरही ओलांडलं, कारण खडक फोडून त्यातून तेल काढायचं तंत्र आलं होतं. हा झाला पुरवठ्याचा अंदाज. मागणीचे अंदाज तर याहून वाईट चुकले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत २००० सालासाठी जे सरकारी अंदाज केले गेले, ते प्रत्यक्ष वापराच्या दीडपट ते दुप्पट निघाले. जेव्हन्ससारखीच मागची रेघ पुढे ओढलेली. मधे काय झालं? १९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं, तीन डॉलरच्या आसपासचं पिंप काही महिन्यांत अकरा डॉलरच्या पुढे गेलं, आणि ज्या मागणीला सगळे अटळ समजत होते ती वाकली.

ती कशी वाकली याची दोन उदाहरणं. पहिलं अमेरिकेतल्या फ्रिजचं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर तिथला नवा फ्रिज वर्षाला सुमारे अठराशे युनिट वीज खायचा. आधी कॅलिफोर्नियाने आणि मग देशाने वापराच्या मर्यादा ठरवून दिल्या. २००१ च्या सुमारास फ्रिज आकाराने मोठा झाला होता, आणि वीज खात होता पाचशेच्या आसपास. दुसरं उदाहरण डेन्मार्कचं. १९७३ साली त्या देशाची दहातली नऊ भाग ऊर्जा आयात तेलावर होती. त्या हिवाळ्यात तिथे रविवारी मोटारी बंद ठेवल्या गेल्या. पण पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांनी घरांच्या भिंतींना उष्णतारोधक थर दिले, इंधनावर जबर कर लावले, वीजकेंद्रातली वाया जाणारी उष्णता नळांनी घरोघर पोचवली. आज त्यांची अर्थव्यवस्था तेव्हाच्या दुपटीहून मोठी आहे आणि ऊर्जेचा वापर जवळपास तेवढाच. बाहेरून आणलेल्या मालात जी ऊर्जा जळते ती या हिशेबात येत नाही, हे खरं. तरीही घडलं ते लहान नाही.

मग कोडं असं, की उजेडात जेव्हन्स खरा ठरतो आणि फ्रिजमध्ये खोटा. असं का?

इथे आम्हांला ॲरिस्टॉटलची आठवण होते. 'पॉलिटिक्स'च्या पहिल्याच भागात तो संपादनाचे दोन प्रकार करतो. एक घर चालवण्यासाठी केलेलं. त्याला हद्द असते, कारण घराला किती लागतं याला हद्द असते. दुसरं संपत्तीसाठीच संपत्ती मिळवण्याचं. त्याला हद्द नसते. ऊर्जेलाही हेच लावून बघा. दूध-भाजी गार राहिली की फ्रिजचं काम झालं. वीज स्वस्त पडली म्हणून कुणी स्वयंपाकघरात चार फ्रिज मांडत नाही. भरणारी गरज असते तिथे काटकसर खरोखर शिलकीत पडते. वेग, झगमगाट, मोठेपणा यांचं पोट भरत नाही. तिथे वाचवलेलं सगळं पुन्हा खर्ची पडतं. आणि डेन्मार्क सांगतो, की स्वस्ताईचा फायदा कराने आणि कायद्याने अडवला, तर न भरणारी मागणीही आवरता येते.

आता दुसरी बाजू. अर्थशास्त्रात मागणी म्हणजे पैशाचं पाठबळ असलेली इच्छा. ज्याच्याकडे पैसा नाही त्याची गरज हिशेबात येतच नाही. आजही जगात सत्तर कोटींच्या आसपास माणसांच्या घरी वीज नाही, आणि दोनशे कोटींहून जास्त माणसं धुराच्या चुलीवर रांधतात. आपल्याकडे २०१६ पासून उज्ज्वला योजनेत कोट्यवधी घरांत गॅसची जोडणी पोचली, ही मोठीच गोष्ट. पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसतील, तर बाई परत चुलीपाशी बसते. तिच्या डोळ्यांत धूर जातो, आणि तक्त्यात 'मागणी कमी' अशी नोंद होते.

भारताचा दर माणशी ऊर्जावापर जगाच्या सरासरीच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. आपण २०२४-२५ साली शंभर कोटी टनांहून जास्त कोळसा काढला, तो काही चैनीसाठीच नव्हे. त्यामुळे 'सगळ्यांनी कमी करा' हा उपदेश इथे सरसकट चालणार नाही. तसंच 'आमच्या वाट्याचं जाळून घेऊ द्या' हा युक्तिवादही सरसकट चालणार नाही, कारण त्याच सरासरीत वातानुकूलित महालही आहे आणि ती चूलही.

सौर पॅनेल १९७६ साली वॉटला शंभर डॉलरच्या घरात होतं, आज अर्ध्या डॉलरच्याही खाली आहे. जगातली सुमारे ४० टक्के वीज आता पाणी, वारा, सूर्य आणि अणू यांपासून येते. आनंदाची गोष्ट आहे. पण वीज हा एकूण अंतिम ऊर्जावापराचा साधारण पाचवा हिस्सा आहे, आणि एकूण ऊर्जेचे चार पंचमांश अजून कोळसा, तेल आणि वायूच. सूर्याची ऊर्जा जुन्या थरांची जागा घेईल की त्यांच्यावर आणखी एक थर म्हणून चढेल, हे पॅनेलच्या किमतीवरून ठरणार नाही. ब्रिटनने ३० सप्टेंबर २०२४ रोजी आपलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र बंद केलं. ज्या देशात हे सगळं सुरू झालं तिथे. ते आपोआप झालं नाही. उत्तर समुद्रातला वायू आणि वारा हाताशी होते, हे खरं. पण कर लावले गेले, कायदे झाले, तारीख ठरवली गेली. खाणकामगारांच्या वस्त्यांनी त्याआधीच मोठी किंमत मोजली होती, तीही विसरायला नको.

तेव्हा पुढच्या वेळी '२०५० साली मागणी इतकी होईल' असा एखादा आलेख समोर आला, तर त्याला दोन प्रश्न विचारू या. यात भरणारी गरज किती आणि न भरणारी किती? आणि ज्यांची गरज खरी आहे पण खिसा रिकामा आहे, ती माणसं या रेघेत कुठे आहेत? ही उत्तरं तज्ज्ञांनी आपल्यासाठी देऊन ठेवलेली नाहीत. कर किती, अनुदान कुणाला, इमारतींचे नियम कोणते, बस आधी की उड्डाणपूल आधी, हे ठरताना ती दिली जातात, आणि तिथे आपलं मत चालतं.

इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ या.