बियाणं, पदवी आणि हजेरी

शिक्षण मोठं की अनुभव, हा वाद निघाला की आम्हा जालनेकरांना बद्रीनारायण बारवाले आठवतात. जन्म १९३० चा, हिंगोलीचा. विद्यार्थिदशेतच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामात ओढले गेले, शिक्षण मागं पडलं. हाती उरली शेती.

दिल्लीच्या जागतिक कृषी प्रदर्शनातून त्यांनी ‘पुसा सावनी’ भेंडीचं बियाणं आणलं. भेंडीची पानं पिवळी पाडणाऱ्या केवड्या रोगाला तोंड देणारं हे वाण तिथल्या कृषी संशोधन संस्थेत तयार झालेलं, म्हणजे शिकल्यासवरल्यांचंच. पण शेतकऱ्याला खात्रीचं बी हवंय, हे शेतात राबलेल्या माणसानं ओळखलं. १९६४ साली जालन्यात ‘महिको’ उभी राहिली. स्वतःकडे कृषीची पदवी नसलेल्या या माणसानं पुढं पदवीधर शास्त्रज्ञ नोकरीला ठेवले. अनुभवाचा टेंभा मिरवणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

मला मात्र आणखी एक अनुभव सलतो. संकरित कपाशीच्या बीजोत्पादनात संध्याकाळी, उद्या उमलणाऱ्या कळीतले पुंकेसर नखानं अलगद काढायचे. स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. सकाळी नर फुलाचे पराग लावायचे, खुणेचा दोरा बांधायचा. मी बी.ए. झालेला कवी, फुलांवर पुष्कळ लिहिलं. हे काम मला जमणार नाही. ते करणाऱ्या बायका ओळीनं पुढं सरकत जातात, आणि मुकादमाच्या वहीत त्यांच्या नावापुढं फक्त हजेरीची खूण पडते.